कागदावर मेलेल्याची अर्धी खोली

मी, खाली सही करणारा, माझ्या दादाचा धाकटा भाऊ, वय पंचवीस, सध्या मुक्काम धक्क्यावरच्या खानावळीचा माळा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता आणि मुख्य म्हणजे जिवंतपणी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

‘जिवंतपणी’ मुद्दाम लिहिलंय. दादाने गेल्या हिवाळ्यात कचेरीत शपथेवर सांगितलं की धाकट्याचा सात वर्षं ठावठिकाणा नाही, तो मेला असं धरावं. आईची नदीकडची खोली एकट्याच्या नावावर करून घेतली. त्याच हिवाळ्यात आम्ही फोनवर बोललो होतो. "थंडी फार आहे, कान झाकत जा," असं मला म्हणाला होता.

कलम १. खोलीतला अर्धा हिस्सा माझा आहे, मी तो सोडलेला नाही. माझ्यामागे तो पुतणीला मिळावा, खिडकीकडचा. हिवाळ्यात समोरची झाडं उघडी पडली की तिथून टगबोटी आणि त्यांच्या जोडीने चालणाऱ्या मालवाहू बार्ज दिसतात. लहानपणी आम्ही दोघं काचेला नाक लावून बसायचो. दादा म्हणायचा, "मी टग, तू बार्ज." बार्ज मोठी, म्हणून मला वाटायचं, मोठेपणा मला दिला. हे लिहितानाही माळ्यासमोरून एक चाललीय, वाळूने इतकी भरलेली की काठ पाण्याला टेकलाय, आणि वर कुणीतरी शर्ट वाळत घातलाय. या थंडीत कसला वाळतोय! असो.

कलम २. वहिनींबद्दल तक्रार नाही, एक सोडून. मागच्या महिन्यात इतक्या वर्षांनी घरी गेलो, तर त्यांनी चहाला सोनेरी काठाचा कप काढला. पाहुण्यांचा. पुतणीने विचारलं, "बाबा, हे कोण?" दादा म्हणाला, "आहेत, ओळखीचे." मग मला जिन्यात गाठून त्याने खोलीचं सगळं सांगितलं, वर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, नुसतं कागदावर मेलायस, खरंच थोडाच! मी आहे ना तुझ्या पाठीशी."

कलम ३. ‘पाठीशी’ हा शब्द मी दादाला परत करतो, वापरलेला आहे. घर सोडलं तेव्हाही त्याने हाच हातात दिला होता: "जा, जग बघून ये, मी पाठीशी आहे." आता मी बार्जवर खलाशी लागलोय. पहिल्याच दिवशी दोर घेऊन पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, ओढायला टग येईल म्हणून. सगळे पोट धरून हसले. टग केव्हाच मागे लागली होती. या नदीत ती मागून ढकलते. बार्जला ना इंजिन, ना सुकाणू; जो पाठीशी, तोच ठरवणार कुठे न्यायचं आणि कुठे सोडायचं. इतके हिवाळे बघितलं, पण मी नेहमी पुढचंच टोक बघत राहिलो.

कलम ४. माझे बूट आमच्या बोटीच्या तांडेलांना. माझी हकीकत ऐकून ते म्हणाले, "मेलेला खलाशी बरा, भूक तरी लागणार नाही." त्यावर खानावळवाल्या मावशी आतून ओरडल्या, "मेलाय कसला मेला! तिसऱ्यांदा वाढून घेतलंय!" माझी गोधडी मावशींना, आधी धुवून घ्यावी. दुर्बीण, जिचा एकच डोळा चालतो, पुतणीला.

कलम ५. सकाळी डेकवर बर्फ धरतो. पाय घसरून मी पाण्यात गेलो आणि सापडलो, तर ओळख पटवायला दुसऱ्या कुणाला बोलावू नये. दादालाच बोलवावं. तो चादर वर करेल आणि त्याला सांगावं लागेल, हा माझा भाऊ, आणि हा आत्ता मेलाय.

वरील मजकूर वाचून दाखवून, लिहून देणारा आमच्यासमोर बसून, खोकत, स्वतःच्या हाताने सही करताना आम्ही पाहिला.

साक्षीदार: तांडेल (सही)
साक्षीदार: खानावळवाल्या मावशी (अंगठा)

लिहून देणार: धाकटा (सही)
ठिकाण: धक्का, खानावळीचा माळा
दिनांक: १२ जानेवारी