नवरदेवाच्या मुठीतला रामपुरी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
२० मे १९८७

आदरणीय जयदेवराव,

दिनानाथचा सप्रेम नमस्कार. आपल्या गुडघ्यांना तेल चोळता ना? आपल्या मेहुणीने, म्हणजे आमच्या कुंदाने, हे पहिल्या ओळीतच विचारायला बजावलंय.

माझ्या भाच्याचं, गुरुदत्तचं लग्न थाटात पार पडलं! ताईच्या सासरची रीत आपल्याला ठाऊकच आहे. नवरदेवाने लिंबू टोचलेली सुरी हळदीला धरायची, ती अक्षता पडेपर्यंत हातातून सोडायची नाही. घरची सुरी गंजलेली, म्हणून मी आपल्याकडून तो रामपुरी मागवला. आपण म्हणालात, तिकडे उत्तरेत हे चाकू दुकानात काकड्यांसारखे मांडलेले असतात. इथे उल्हासनगरला मुठीला जरीची पट्टी लावायला एका सिंध्याच्या दुकानात नेला, तर "साईं, अंदर रखो!" म्हणत त्याने अर्धं शटर ओढलं. (मला वाटलं, जळतोय.)

अंबरनाथहून जीपने कुळगावला, मुलीच्या मांडवाकडे निघालो. खड्ड्यांमुळे पातं मिटलेलं, लिंबू माझ्या खिशात. नाक्यावर हवालदारांनी विचारलं, मुठीत काय? आमचा सरळमार्गी नवरदेव! दाखवायला म्हणून त्याने खटका दाबला. खट्! हवालदार दोन पावलं मागे, मी तीन. (कुंदा पाच म्हणते. तिचं गणित कच्चंच.)

हवालदार म्हणाले, एका गावी चालतं ते दुसऱ्या गावी चालेलच असं नाही, घरात ठेवणं वेगळं, रस्त्याने मिरवणं वेगळं, आणि इथे तर सध्या मनाईहुकूम आहे. ठेव खाली! मुहूर्ताला पस्तीस मिनिटं उरलेली. गुरुदत्त म्हणाला, "अक्षता पडेपर्यंत नाही ठेवणार साहेब. न्यायचं तर चाकूसकट मला न्या." जयदेवराव, पोरगा झुरळाला घाबरतो हो! माझा ऊर भरून आला.

हवालदारांनी डोकं खाजवलं. "माझ्याही हातात होती सुरी, लग्नात," म्हणाले, आणि गुरुदत्तचं मनगट घट्ट धरून जीपमध्ये बसले. मांडवात व्याही रामभाऊ अत्तरदाणी घेऊन धावले. मुलाकडचा पोलीस बंदोबस्त बघून मुलीकडचे गार! अंतरपाट दूर झाला तर नीलिमासमोर दोन पुरुष. अक्षता पडल्या आणि गुरुदत्तने आपल्या हाताने चाकू हवालदारांना देऊन वाकून नमस्कार केला. असा भाचा शोधून सापडायचा नाही.

आपला,
दिनानाथ

ता. क. चाकू कुणाचा, असं चौकीत विचारलं तेव्हा मी छाती काढून आपलं पूर्ण नाव, पत्ता सांगितला. सोमवारी, १ जूनला, अकरा वाजता आपल्याला बोलावलंय. दुकानाची पावती आणावी. चाकू मागवल्याचं माझं पत्र आणण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. २. पाकीट चिकटवताना कळलं, गुरुदत्तने "मामांनी मागवला" म्हणून तिथे आधीच सांगून टाकलंय. आता आपण नाही आलात तरी चालेल. पोरगा म्हणतोय, मामा, घाबरू नका, मी येतो बरोबर, तुमचं मनगट धरून.