मरून पंख

३ एप्रिल, लातूर
रंगवलेच शेवटी! पाडव्याला विमानाची पूजा केली आणि ईश्वरप्पांच्या आई म्हणाल्या, "हे काय पांढरं फटक, विधवेच्या लुगड्यावानी?" झालं! पंख मरून. अप्पा फ्लाइंग स्कूलचे मालक, पण आईपुढं त्यांचं चालत नाही. मी तर पगारी इंजिनीअर, माझं कोण ऐकतंय!

हे पंख पत्र्याचे नाहीत. काचेच्या धाग्यांचं कापड, आत फोम, सगळं रेझिननं चिकटवलेलं. पांढरा रंग शोभेला नसतो, ऊन परतवायला असतो. गडद रंगाखाली रेझिन मऊ पडतं. त्यात मागचा पावसाळाभर विमान ओल्या ताडपत्रीखाली उभं. ओल आत मुरलीय, तेव्हाही बोंबलले होते मी.

१९ एप्रिल
दुपारी पंखाला हात लावला. पोळला.

२६ एप्रिल
नाण्यानं पंख वाजवून पाहिला. सगळीकडं टणटण — डाव्या पंखाच्या मुळाशी मात्र भद्द! वरचा थर आतून सुटलाय. विमान उडवायचं नाही, असं सांगून टाकलं.

अप्पा म्हणाले, "मागल्या साली हेच ऊन होतं, काय झालं का? लई शहाणपणा करायलीस, उज्वला!" मागल्या साली पंख पांढरे होते, अप्पा!

पण खरं लागलं ते सुकन्याचं. माझी धाकटी बहीण. मुदखेडहून मीच तिला इथं विमान शिकायला आणलं. शाळेत विमान हे एकच. "ताई, तुझ्या टकटकीनं माझं एकटीनं उडवायचं राहिलं. बाजारात माठ घ्यायला आलीस का?" हो, माठच! आई असाच वाजवून घ्यायची. विसरली वाटतं.

४ मे
मला काढून टाकलं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या रुद्रेशनं विमान ठीक आहे म्हणून सही ठोकली. नाणं खिशातून काढलंसुद्धा नाही. नालायक!

उद्या सुकन्या एकटी उडवणार. हात जोडले तिला, जाऊ नको म्हणाले. "तुला माझं चांगलं बघवत न्हाई," म्हणाली आणि ताटावरून उठली. मग मर जा! — नाही. हे खोडते. देवा, हे खोडलं.

५ मे
रुद्रेशचा फोन. सुकन्या विमानात चढलीच नाही. अप्पा ओरडत होते, ही पंखाखाली वाकून नाणं वाजवत राहिली. मग उठून म्हणाली, "माठ फुटका हाय, अप्पा."