पायात काय होतं

१० ऑगस्ट २०२५, रविवार

वच्छला आत्या आल्या आणि पाणी प्यायच्या आधीच सुरू झाल्या. "पायात चप्पल असती तं माही वहिनी आज जित्ती असती." माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. आपटावासा वाटला. ठेवला.

आत्या म्हणजे आबांची, माझ्या सासऱ्यांची, धाकटी बहीण. महिन्यातून एकदा वरणगावहून येतात आणि हे वाक्य न चुकता पिशवीत घालून आणतात. यावेळी पुरावाही होता — कुणीतरी फोनवर पाठवलेला. स्लीपर घालून गाडी चालवली तरी दंड म्हणे. "मंग अनवाणी चालवनं म्हंजे तं तुरुंगच!"

नीलेश समोरच बसला होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. नरडाण्याच्या कारखान्यातून आठवड्यात एकदा घरी येतो आणि त्यातही असा बसतो. बायकोच्या बाजूनं एक शब्द? नाही! आबा उठून खळ्यात गेले. आत्यांचं हे वाक्य आलं की ते नेहमीच उठतात.

मला काय हौस होती अनवाणी फिरायची? आई, माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं नवरात्रात पायात काही घालत नव्हत्या. शुगर वाढली, टाचेला जखम झाली, डॉक्टरांनी सक्त बजावलं — घरातसुद्धा चप्पल काढायची नाही. तेव्हा त्यांनीच मला जवळ बसवलं. "माही टेक मोडू नको देऊ माय. आता तू धर." मी धरली. म्हणून गेल्या वर्षी सातव्या माळेला त्यांना तपासायला जळगावला नेताना माझे पाय उघडे होते आणि त्यांच्या पायात चप्पल होती.

बोदवड सोडलं, पहिल्या मोठ्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं. मी ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरली आणि मागची डावी बाजू निंबाच्या झाडावर गेली. तिथे आई बसल्या होत्या. आबा पुढे, माझ्या शेजारी.

पोलिस यायच्या आधी आबांनी आईंच्या पायातली चप्पल काढून माझ्या पायात घातली. वाकून, स्वतःच्या हातानं. "अनवाणी दिसली तं तुले आत टाकतीन." आईंचा श्वास तेव्हा चालू होता की नव्हता, मला माहीत नाही. चप्पल मला आखूड होत होती, टाच बाहेर येत होती. तशीच उभी राहून मी जबाब दिला.

घरात हे सगळ्यांना माहीत आहे. सुनेसाठी सासऱ्यानं असं कोण करतं? देवमाणूस, म्हणतात सगळे. मीही म्हणते.

१३ ऑगस्ट, बुधवार

शाळेत चालत गेले, चालत आले. गाडीवरची ताडपत्री वाऱ्यानं सुटली होती. आबा पुन्हा दोरी आवळत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहिते.

शाळेत आज रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. आरटीओच्या एक निरीक्षक बाई आल्या होत्या. आठवी-नववीची पोरं सभागृहात, आम्ही शिक्षक मागे खुर्च्यांवर. दरवर्षीचं भाषण असेल म्हणून मी वह्या तपासायला घेऊन बसले होते. पण बाई हुशार निघाल्या. म्हणाल्या, मी सांगते, तुम्ही ओरडायचं — गुन्हा की नाही?

अर्ध्या बाहीचा शर्ट घालून ट्रक चालवला? "गुन्हा!" लुंगी नेसून? "गुन्हा!" मित्राची गाडी चालवली, मित्र सोबत नाही? "गुन्हा!" गाडीच्या आतला दिवा लावून चालवली? इथे जरा फाटाफूट झाली, पण आवाज गुन्ह्याचाच मोठा. बाई हसत होत्या. "एकही गुन्हा नाही रे! हे सगळं तुमच्या फोनमधलं." आणि मग म्हणाल्या, "चप्पल घालून कार चालवली?"

सगळं सभागृह ओरडलं — गुन्हा!

"नाही," बाई म्हणाल्या.

माझा हात वर गेला. कसा गेला, कुणास ठाऊक. "आणि अनवाणी?" पोरं खिदळली. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, पायात काय असावं हे कार चालवणाऱ्याला कायदा सांगत नाही. गाडी तुमच्या ताब्यात हवी, एवढंच. पाय नीट बसेल असं काही घाला, हा माझा सल्ला. पण गुन्हा? नाही."

नंतर स्टाफरूममध्ये गाठून मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं! तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "काही झालंय का?" मी म्हटलं, नाही, पोरांना सांगायला हवं म्हणून.

एक गोष्ट मात्र उरली. शेवटी बाईंनी विचारलं होतं, मागच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नाही तर? पोरं म्हणाली, "चालतं!" बाई म्हणाल्या, "नाही चालत. तो मात्र गुन्हा आहे."

आई मागे बसल्या होत्या. पट्टा सीटच्या फटीत कुठेतरी गेलेला. आमच्या घरात तो कधी कुणी काढलाच नाही. मी म्हणायला हवं होतं — आई, पट्टा लावा. त्या हसल्या असत्या, पण लावला असता. हे माझं आहे. हे मी कुणावर ढकलणार नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

रात्रभर एकच आठवत राहिलं. हवालदारानं किती प्रश्न विचारले होते! लायसन, वेग, डुक्कर कुठल्या बाजूनं आलं, तुम्ही पट्टा लावला होता का. पायाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पायात काय होतं, हे विचारलंच नाही कुणी. आणि मी टाच लपवत उभी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. फक्त इथे चोरीच झाली नव्हती.

जेवताना आबांना सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. म्हटलं, "आबा, तुम्ही घाबरलात ते उगाच. अनवाणी चालवणं गुन्हा नाहीच मुळी."

"कोन म्हने?"

"आरटीओच्या बाई. स्वतः."

थोड्या वेळानं पुन्हा — "कोन म्हने?" मी पुन्हा सांगितलं. अर्धी भाकरी ताटात ठेवून ते उठले. आबा! ताटात शीत ठेवलं तरी आम्हाला ओरडणारा माणूस. त्यांना आईंची चप्पल आठवली असणार. मी जेवताना विषय काढायला नको होता.

२४ ऑगस्ट, रविवार

नीलेशला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, एवढं मान्य करते. मग म्हणाला, "कायद्यात नसेल. पण पाय घसरला ना तुझा?"

मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले.

"तूच म्हणाली होतीस तेव्हा. पाय घसरला म्हणून."

म्हणाले होते. दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते तेव्हा दहा जणांनी विचारलं, पाय घसरला का, पाय घसरला का. दहाव्याला मी हो म्हटलं. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तू रस्त्यावर डुक्कर आणून सोडलंस का, तरी हो म्हटलं असतं.

पण घसरला होता का? दहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःला विचारतेय. आतापर्यंत गुन्हा ठरलेलाच होता, मग घसरला काय आणि नाही काय!

आत्यांचा निरोपही त्यानंच दिला. यंदा घट त्या येऊन बसवणार. माझ्या हातानं नको. आईंनी हाताला धरून मला शिकवलं होतं ते — परडीत माती किती, गहू किती, दिव्याचं तोंड कुठल्या दिशेला. "तू काय म्हणालास?" मी विचारलं. म्हणाला, "मी काय म्हणणार?"

३१ ऑगस्ट, रविवार

नीलेश आला नाही, ओव्हरटाइम आहे. बरंच झालं.

ताडपत्री काढली. चप्पल काढून बाहेर ठेवली आणि गाडीत बसले. आत उंदरांनी घाण केलीय. डोळे मिटून ब्रेकवर पाय ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. रबराच्या रेघा तळव्याला लागतात. बोटं आपोआप वळून धरतात. आणि आठवलं — तेव्हाही लागत होत्या! झाडावर आदळेपर्यंत लागत होत्या. पाय तिथेच होता. पाय हलला नव्हता!

मग गाडी मागून फिरली कशी?

वर पाहिलं तर आबा खळ्याच्या दारात उभे. मी हाक मारली, "आबा, माझा पाय घसरला नव्हता!" ते वळून गेले. चालताना भिंतीला हात लावून चालत होते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. पोरांनी गुलाब दिला. आबा दोन दिवस फक्त चहावर आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार

वर्षश्राद्ध नवरात्राआधीच उरकून घेतलं. पंधरा-वीस माणसं होती. पंगत उठली आणि आत्यांनी ओसरीवर सगळ्यांच्या देखत काढलं तेच. वर्ष झालं तरी वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही.

आज मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "आत्या, अनवाणी गाडी चालवणं गुन्हा नाही. आरटीओतून विचारून आलेय. आणि माझा पाय घसरलाही नव्हता."

आवाज चढला होता माझा. आत्या म्हणाल्या, "पाय घसरला नही, गुन्हा नही. मंग माही वहिनी मेली कशी? सांग ना, कशी मेली?"

बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मला समजलं, गुन्हा होता तेव्हाच बरं होतं. तेव्हा निदान माझी कीव करत होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी अंगण झाडत होते. आबा म्हणाले, "झाडू ठेव. बस."

"डुक्कर आडवं आलं ना, तवा माहा हात गेला. हँडब्रेकवर. वढला मी. जोरात वढला. तू ब्रेक मारेल व्हता, तू गाडी सांभाळू राह्यली व्हती. मी वढला अन् गाडी फिरली."

ते खाली मातीकडे बघून बोलत होते.

"मंग मीच हँडब्रेक खाली करला. पोलिस याच्या आंधी. अन् तुले चप्पल घातली."

"का, आबा?"

"मले वाटलं, अनवानी चालवनंच गुन्हा हाये. कायद्यानं तुलेच धरेल हाये, तं माह्या हाताचं कोन पुसतं? मले बी तसंच वाटाले लागलं. तुह्या पायानंच झालं, असं. खरंच वाटे, पोरी. झोप लागे मले. तू त्या बाईचं सांगितलं, तवापासून नही लागत."

दहा महिने! दहा महिने त्यांना झोप लागत होती. मी या घरात चोरासारखी वावरले, माझा नवरा माझ्याशी धड बोलला नाही, आणि हा माणूस शेजारच्या खोलीत झोपत होता. ते रडले. मला दया आली नाही. लिहून ठेवते — आली नाही. बाई गेली ती त्यांची बायको होती, पन्नास वर्षांची सोबत, सगळं समजतं मला. तरी आली नाही.

मी म्हटलं, "हे सगळ्यांना सांगायचं." ते म्हणाले, "हो. रविवारी बठ्ठे येतीन. सांगतो."

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज थोडी आली दया. माझ्याशीच भांडून आली, पण आली. त्यांना भाकरी चुरून दिली दुधात.

रविवारी मोकळी होईन. नीलेशचं तोंड कसं होईल, हेच डोळ्यांपुढे येतं. आणि घट मी बसवीन.

२१ सप्टेंबर, रविवार

आबांनी सांगितलं. नीलेश आणि आत्यांसमोर, काही न लपवता. हात पुढे धरून दाखवला — या हातानं वढला.

कुणाला पटलं नाही.

नीलेश माझ्याकडे वळला. "हे वदवून घेतलंस त्यांच्याकडून? त्यांच्या वयाची तरी लाज धरायची." आबा "नही रे, खरं हाये" म्हणत राहिले. जितके म्हणत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सुनेसाठी बायकोचं मरन आंगावर घेऊ राह्यला माहा भाऊ. असा मानूस व्हनार नही." आणि त्यांच्या पाया पडल्या. मग नीलेश पडला. मग आत्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं.

मीही पडले.