शाझलीच्या मजल्याच्या सळ्या

प्रिय शाझली,

फोनवर तुला काही नेमकं विचारलं की तिकडे मिलानमध्ये लगेच रेंज जाते, म्हणून पत्र लिहितेय. पत्राची रेंज जात नाही. अक्षर वाकडंतिकडं आहे. साठी उलटल्यावर प्रौढवर्गात शिकलेली आजी आहे तुझी, हसू नकोस.

तर आपल्या गच्चीवर बालवाडी बांधायची म्हणतात. वस्तीतली पोरं सध्या खाली आपल्याच खोलीत बसतात, आणि स्लॅब तापला की भट्टीतल्या भाकरीसारखी भाजून निघतात. म्हणून वर मातीच्या विटांची, घुमटाच्या छताची गार खोली उभारायची, असं वस्तीने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, चार महिने नुसता डोक्याला ताप! ती इंजिनीयर शेरीन, पोरगी गुणाची, पण प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारणार. खिडकी कुठे, विचारा. मोरी कुठे, विचारा. गच्चीवर खडूने खऱ्या मापाची खोली आखली आणि आम्हा बायकांना म्हणाली, "आत फिरून बघा." शेजारची रगबची आई सरळ खडूच्या भिंतीतून आरपार गेली. मी ओरडले, "अगं, भिंत आहे ती!" तर म्हणते, "मग दार दाखव ना, मी काय भूत आहे?" त्यावरून दाराची जागा तीनदा बदलली. विटाही आम्हीच पाडल्या. अस्वानचा शलाली मिस्त्री खाली फळ्यांचा आधार न घेता नुसत्या हाताने घुमट चढवतो, पण जीभ अशी! माझी पहिली वीट बघून म्हणाला, "आजी, वीट आहे की रव्याची वडी?" म्हटलं, "खाऊन बघ, दात उरले असतील तर."

पण खरं अडलं ते सळ्यांपाशी. चार खांबांतून वर आलेल्या त्या सोळा सळ्या तुझ्या. स्लॅब ओतला त्याच दिवशी तुझे आजोबा म्हणाले होते, वरचा मजला शाझलीचा, लग्न ठरलं की चढवायचा. गंजू नयेत म्हणून दरवर्षी मी त्यांना रंग लावते. तू गेल्यापासून अकरा वेळा लावला. आणि घुमट असा हट्टी की त्याच्या डोक्यावर पुढे काही चढत नाही. घुमट हवा तर सळ्या कापा आणि शाझलीचा मजला विसरा. मी म्हटलं, हात तर लावून बघा!

बैठकीत सगळे माझ्यावर तुटून पडले. रगबची आई तेवढी माझ्या बाजूने बोलली, तीही कशी? "सळ्या कापल्या की लोकांना वाटेल पोरगा गेला. सगळी गल्ली दुखवट्याला आली तर बिनसाखरेची कॉफी कोण पाजणार?" शेरीन हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. घर तुमचं." हे तर आणखी वाईट! जबरदस्ती केली असती तर भांडता तरी आलं असतं. खाली पोरं घामाने निथळतायत आणि मी वर लोखंडाची राखण करतेय. तुला दोनदा फोन करून विचारलं, बाबा, लग्नाचं काय? "पुढच्या वर्षी, आजी," म्हणालास, आणि गेली रेंज.

मागच्या शुक्रवारी तुझ्याच कामावरचा रगब सुट्टीवर आला. फोनमध्ये आईला सहलीतला समुद्र दाखवत होता, बोट सरकलं, आणि आला तुझा फोटो. शेजारी पिंगट केसांची बायको आणि तुझ्या हातात तान्ही मुलगी! रगबने विंचू चावल्यासारखा फोन मागे घेतला. म्हटलं, "आण इकडे, गाढवा." आधी रडले, मग रगबच्या पाठीत एक धपाटा घातला, मग गल्लीभर सरबत वाटलं.

रगबने मग सगळं ओकलं. मूर्खा, आजी सळ्यांसाठी झुरेल म्हणून लग्न दोन वर्षं लपवून ठेवलंस? सोमवारी मीच शलालीला म्हटलं, काप. शेवटची सळी कापताना बघवेना, तेव्हा खाली जाऊन पोरांत बसले, हे मात्र खरं. पण कोणी विचारलं तर छाती काढून सांगते, माझ्या नातवाचं घर तिकडे उभं राहिलंय. आता पुढच्या वर्षाचे वायदे नकोत. एवढंच कळव, मुलीचं नाव काय? त्या रगबला धड आठवत नाही. आणि जन्मानंतर सातव्या दिवशी आपल्या रीतीने तिला चाळणीत ठेवून हलवलंत का? नसेल, तर चाळणीत मावतेय तोवर घेऊन ये. चाळणी मी मोठीच आणून ठेवलीय.

तुझीच, पणजी झालेली,
नबविया आजी