दुसरी घागर

असोदा, आखाजीची आदली संध्याकाळ

उद्या अक्षय्य तृतीयेला घरातल्या गेलेल्यांच्या नावाने घागर पुजायची. सकाळी मयुरीने विचारलं, "मावशी, माझ्या आईची घागर कुठे भरतील?" बहीण गेली तेव्हापासून पोर आमच्याकडेच आहे. मी नुसतं "बघू" म्हटलं. सासरच्या पितरांशेजारी माझ्या बहिणीची घागर? असं कोणी केलंय का कधी? देवापुढे बसले तरी ते "बघू" टोचत होतं.

आत्ता हे बाजारातून दोन घागरी घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, एकच लागते ना?"

"दुसरी तिच्या मायची. वर ठेवायला डांगरं, खरबुजं पण दोन आणलीत." बाहेरच्या ओट्यावरून ह्यांनी सकाळचं सगळं ऐकलं होतं तर.

एरवी चमचासुद्धा "मावशी, कुठे ठेवू?" विचारून ठेवणारी मयुरी. तिने ती घागर न विचारता आमच्या घागरीशेजारी ठेवली.