पिंगटचा डावा पाय

१२ सप्टेंबर

पिंगट अजून लंगडतोय. पुढचा डावा पाय. ऑगस्टमध्ये बिळात गेला होता तोच. एव्हाना बरा व्हायला हवा होता.

बाबांचा फोन आला. टेकडी चढल्याशिवाय आमच्याकडे रेंज मिळत नाही, म्हणून ते घोड्यावरूनच बोलतात. मध्येमध्ये लगामाची कडी वाजते. नेहमीचा क्रम. मेंढ्यांनी अंग धरलंय. शेळ्या ठीक. याकांवर चरबी चढतेय. मग मी विचारलं, पिंगट? तेव्हा म्हणाले:

"जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, आतली शीर दुखावलीय. बरी होईल, न होईल. थंडीआधी काय ते ठरवा."

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"मी कोण ठरवणार? घोडा तुझा."

हे खरं आहे. लहानपणी पहिल्यांदा माझे केस कापले, त्या दिवशी मामांनी मला एक घोडी दिली. तिची सगळी वीण माझी. पिंगट त्यातला शेवटचा. केस कापताना दिलेल्या जनावराला बापसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय हात लावत नाही. मालकीण उलानबातरच्या वसतिगृहात बसून यंत्रांची कंपनं मोजत असली तरी.

१३ सप्टेंबर

प्रश्न साधा आहे. नीट मांडून ठेवते.

हिवाळ्यात घोडे पुढच्या पायाने बर्फ उकरून खालचं गवत खातात. ज्याला उकरता येत नाही तो वसंतापर्यंत टिकत नाही. साठवलेलं गवत अशक्त मेंढ्यांनाच पुरत नाही. म्हणजे पाय बरा होणार असेल तर घोडा ठेवायचा. नसेल तर नोव्हेंबरमध्ये हिवाळ्याच्या मांसासाठी जनावरं कापतील, त्यांत त्यालाही घालायचं. अंगावर चरबी आहे तोवर. उपाशी मरण्यापेक्षा ते बरं.

निर्णय मला द्यायचाय.

त्याला पहिलं खोगीर मी घातलं वगैरे इथे लिहायची गरज नाही.

१८ सप्टेंबर

पंपाच्या प्रयोगात पैकीच्या पैकी.

२० सप्टेंबर

ओयुनावहिनीने व्हिडिओ पाठवला. दादा दक्षिणेत खाणीवर ट्रक चालवतो, त्यामुळे घरी आईबाबांजवळ तीच असते. व्हिडिओ मी मागितला होता: बाजूने, सपाट जमिनीवर, दुडक्या चालीत, जाताना आणि परत येताना. मागून तिचा आवाज येतो. "इंजिनीअरबाई, तुमच्या मशिनांना पाय असतात का हो?"

एकेक चित्र थांबवून पाहिलं. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, भार मागे ढकलायला. पिंगटचा डावा पाय टेकला की डोकं वर. प्रत्येक वेळी. शंका नाही. वर बाबा आहेत, जरासे डावीकडे कललेले. त्यात नवल नाही. दिवसदिवस घोड्यावर काढणारे आमच्याकडचे सगळेच तिरके बसतात.

फोनवर वहिनीला विचारलं, लंगड्या घोड्यावर बाबा बसतात कसे? पूर्वी दुसऱ्यालाही बसू देत नसत.

"डॉक्टरांनी रोज थोडं फिरवायला सांगितलंय ना. मी म्हटलं, बाबा, दोरीला धरून फिरवा. तर म्हणे, मी काय शहरातला आहे, पायी हिंडायला? बाकीच्या घोड्यांवर तर हल्ली बसतच नाहीत. आणि जपतात किती त्याला! हल्ली गाडीच्या पायरीवरून चढतात, त्याच्या पाठीला हिसका बसू नये म्हणून. माझ्यासाठी कुणी एवढं केलं असतं तर मी जन्मभर लंगडले असते."

२७ सप्टेंबर

खोलीत माझ्यासोबत आलिमा राहते. शहरातच वाढलेली. म्हणाली, "मोकळा सोडून द्या ना त्याला."

मोकळा सोडणं म्हणजे लांडग्यांना देणं. फक्त आपण बघायला नसतो. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "थंड आहेस गं तू."

असेन. मग तिने विचारलं, घरची आठवण येत नाही का? नाही म्हटलं. मला घरची माहिती लागते.

३ ऑक्टोबर

आज टेकडीवर सगळेच जमले होते. फोन हातोहात फिरला.

आई म्हणाली, "निळी फीत बांधून देवाच्या नावाने सोडू. मग त्याला कोणी कापायचं नाही, कोणी वर बसायचं नाही."

"देवाचा झाला तरी बर्फ त्यालाच उकरायचाय, आई."

"बापावर गेलीस अगदी."

मग शेजारचे पुरेवकाका. "हे बघ पोरी, संकोच करू नकोस. तुमचा घोडा आम्ही नेतो, आमची म्हातारी घोडी तुम्ही घ्या. आपल्या हातचं जनावर आपल्या कढईत नको. तशी आमची म्हातारी मांसाला बरी असेल. तोंडाने फार वाईट."

मागून काकूंचा आवाज आला. "कोणाबद्दल चाललंय? घोडीबद्दलच ना?"

सगळे हसले. बाबांचं हसू त्यात ऐकू आलं नाही. शेवटी फोन त्यांच्याकडे गेला.

"बर्फ यंदा लवकर दिसतोय. ठरव, लेकी."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग." मग म्हणाले, "लंगडं जनावर कळपाला जड होतं."

त्यांनी एकदा सांगितलं की मी पुन्हा विचारत नाही. आजही विचारलं नाही.

४ ऑक्टोबर

नाही ठरलं.

१० ऑक्टोबर

त्सेंदमाबाईंचं प्रात्यक्षिक. पंपाला जोडलेली एक मोटर खडखडत होती. कंपनं मोजली, आलेख काढला. सगळ्यांनी एकच निदान केलं: मोटरचं बेअरिंग गेलंय, बदला. मीही तेच.

बाईंनी पंप सोडवायला लावला आणि मोटर एकटीच चालवली. आवाज नाही. मोटर चांगली होती. पंप वाकडा बसवला होता, त्याचं सगळं ओझं तिच्या एका बाजूला पडत होतं.

"आवाज जिथून येतो तिथेच दोष असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडून अपेक्षा होती, सार्नाई."

खोलीवर येताना लक्षात आलं. पिंगटचा बिनभाराचा एकही व्हिडिओ माझ्याजवळ नाही.

११ ऑक्टोबर

वहिनीला सांगितलं: खोगीर काढ, कोणी वर बसू नका, दोरीला धरून पळव.

"म्हणजे मी पळू?"

"हो."

"तू घोडा बघणार की मला?"

"घोडा."

"तेवढंच बघ मग."

१७ ऑक्टोबर

तिकडे बर्फ पडला. दोन व्हिडिओ आले. दोन्ही आईने काढलेले, कोपऱ्यात तिचा अंगठा.

पहिल्यात वहिनी धापा टाकत पुढे, पिंगट मागे. डोकं सरळ. डावा पाय, उजवा पाय, काही फरक नाही. तीन वेळा पाहिलं.

दुसरा मी मागितला नव्हता. पिंगट उतारावर उभा राहून बर्फ उकरतोय. डाव्या पायाने. जोर लावून, खालची माती दिसेपर्यंत. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मेंढ्या तोंडं घालतायत. वहिनी म्हणते, "बघ गं, तुझा पांगळा सगळ्यांना वाढतोय."

पाय बरा आहे. घोडा राहील. ठरलं.

बाबांना लगेच कळवायला हवं होतं. कळवलं नाही. पाय बरा आहे, तर ते वर बसले की तो लंगडतो कसा?

१८ ऑक्टोबर

सप्टेंबरचा व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी घोडा पाहिला नाही. वरचं पाहिलं.

दुडक्या चालीत आमच्याकडे कोणी खोगिरात टेकत नाही. रिकिबीत उभे राहतात. दोन्ही रिकिबींचे पट्टे ताणलेले असायला हवेत. जाताना डावी बाजू दिसते. पट्टा तारेसारखा ताठ. परत येताना उजवी. पट्टा सैल, टापेगणिक हलतोय. बाबांचा पाय रिकिबीत आहे, पण त्यावर भार नाही. सगळा माणूस डावीकडे, घोड्याच्या डाव्या पायावर.

जुलैमधल्या उत्सवातला व्हिडिओ काढून पाहिला. तेव्हा दोन्ही पट्टे ताठ होते.

मध्ये ऑगस्ट. पिंगटचा पाय बिळात गेला, पिंगट पडला. त्या संध्याकाळी बाबा त्याच्या आयाळीला धरून पायी घरी आले होते. दुखऱ्या घोड्यावर बसायचं नाही म्हणून पायी आले, असं सगळ्यांनी धरलं. सूज किती, पाय गरम लागतो का, खुराला चीर गेलीय का, सगळं मी फोनवर विचारलं होतं. घरच्यांनीही तेच. डॉक्टरांनीही तेच विचारलं असणार.

घोडा पडला तेव्हा वर कोण होतं, हे कोणीच विचारलं नाही.

आणि मग गाडीची पायरी. दुसऱ्या कुठल्याच घोड्यावर न बसणं. शांत उभा राहतो तो एकटा पिंगट.

वहिनी टेकडीवर आल्यावर तिला फोन लागला. "बाबांना इकडे पाठव."

"ते येतायत! दाढ दुखत होती तर पक्कड घेऊन बसले होते. शहरात कशाला येतील?"

"सांग, पिंगटचं औषध मिळालंय. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. स्वतः यायला लागेल."

"सार्नाई, घोडा तर बरा आहे."

"हो."

"त्यांना पण दिसलाय तो. काल बर्फ उकरताना. बघत उभे होते."

मी म्हटलं, "तरी पाठव."

"बरं," ती म्हणाली. थट्टा केली नाही. "गाडीत मी बसवून देते. पुढच्या सीटवर."

२५ ऑक्टोबर

बाबा आले. बसच्या दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून उतरले. आधी डावा पाय. शहरातल्या पायऱ्या उंच करून ठेवल्यात म्हणाले. पिशवीत आईने दिलेले वाळवलेल्या दह्याचे खडे, आणि वहिनीने आलिमासाठी वेगळी पुडी.

"औषध कुठाय?"

"उद्या. इस्पितळात मिळतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जनावरांचं औषध माणसांच्या इस्पितळात का, असं विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. विचारलं नाही.

आमच्याकडच्या खारट चहात मीठ कमी पडलं होतं. तरी दोन वाट्या प्याले. मग मी म्हटलं, "पिंगटचं ठरवलंय. राहील तो."

त्यांनी मान हलवली. वाटी हातात फिरवत राहिले. मोकळं वाटल्यासारखे दिसले नाहीत. "मी तुझ्यावर टाकलं. माझ्याच्याने तोंडातून निघत नव्हतं. ना राहू दे, ना काप."

"पाय बरा आहे त्याचा, बाबा."

"माहितेय." वाटी खाली ठेवली. "पण त्याच्यावर बसणार कोण?"

२७ ऑक्टोबर

उजवा खुबा मोडलेला आहे. ऑगस्टपासून. सोमवारी ऑपरेशन.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला, खाली केला, पुन्हा धरला. "काका, इतके दिवस यावर तुम्ही चालत कसे होता?"

बाबा म्हणाले, "चालत कुठे होतो? घोडा होता की."