न धुतलेला ब्रश

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाच्याला उद्याच्या गाडीने पाठवते आहे. नशेचं प्रकरण तुझ्या कानावर आलंच असेल. उपचार झाले, पण डॉक्टर म्हणतात, नसांना आणि मूत्रपिंडांना मार बसलाय, हाताची थरथर जायला वेळ लागेल. परीक्षेत नापास झाला, ते आम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. दिवसा कॉलेज, रात्री घरोघर पार्सलं पोचवायची, खोलीवर बोलायला कुणी नाही. सगळं विसरशील म्हणून एका मित्राने नादी लावलं. आणि खरंच विसरायला लागला रे, घरचा पत्तासुद्धा.

तुझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात त्याला गुंतवून ठेव. तुझ्या बडबडीपुढे दुसरं काही सुचायचंच नाही त्याला. पुन्हा त्या वाटेला गेला तर हाती लागणार नाही, एवढंच मला कळतं. माझ्यावरची माया थोडी त्याच्याकडे वळव.

तुझी अक्का

९ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अगं बाई, नशा कसली ते लिहायला लाजलीस आणि लेकाला धाडलंस ते थेट थिनरच्या डब्यांत! पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा. मला वाटलं, कामचुकार दिसतोय. तर म्हणाला, मामा, मी हेच रुमालावर घेऊन हुंगायचो, या वासाची भीती वाटते. समोर गिऱ्हाईक बसलेलं, तरी मान खाली घातली नाही पठ्ठ्याने.

डबे हलवतो म्हटलं तर नको म्हणाला. गल्लोगल्ली रंगाची दुकानं आहेत, तुम्ही कुठे कुठे लपवणार, असं मलाच विचारलं. मग त्याला बाहेरच्या भिंती दिल्या, पाण्यात कालवायच्या रंगाच्या. अक्षर थरथरलं की पुसतो, पुन्हा काढतो.

लोभ आहेच, काळजी तेवढी कमी कर.

तुझा धाकटा

२८ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परवा मला दुकानातच चक्कर आली. शेजाऱ्याने घरी नेलं. जाताना सवयीने ओरडलो, ब्रश धुऊन ठेव रे! कुणाला सांगतोय, याचं भानच नाही. तैलरंगाचा ब्रश थिनरमध्ये धुतला नाही तर त्याचा दगड होतो, आणि हा तर माझ्या उस्तादांचा.

सकाळी गेलो तर ब्रश कडक. डबा शेजारीच, सील शाबूत. तोंडात शिवी आली होती. भाचा पायरीवर बसलेला. म्हणाला, डब्याला हात लावला होता मामा, मग बाहेर येऊन बसलो. तुमचा ब्रश वाचवता आला नाही.

अक्का, मी भर रस्त्यात रडलो. असं काळीज माझ्यात नाही. ब्रश गल्ल्याच्या वर टांगलाय. गिऱ्हाइकं विचारतात, तर सांगतो, दुकानातलं सगळ्यात चांगलं काम याच ब्रशाचं.

आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा

४ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काल गाढ झोपले. येत्या रविवारी येते आहे, तुझ्यासाठी नवा ब्रश घेऊन. जुना मात्र कुणाला धुऊ देऊ नकोस.

तुम्हा दोघांची,
अक्का